घशाला झोंबणारे ऑलिव्ह तेल: बिघडलेले की अस्सल?

प्रश्न: खिडकीतली_बाटली (विलेपार्ले पूर्व)

नमस्कार. गेल्या वर्षी यजमानांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून आमच्या घरात तेलाचा विचार जरा जास्तच होऊ लागला आणि गोडेतेलाच्या डब्याशेजारी ऑलिव्ह तेलाची बाटलीही येऊन बसली. पहिली बाटली एक लिटरची आणि पारदर्शक काचेची होती. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपारी तीननंतरचे ऊन थेट तिच्यावर पडत असे. ते हिरवट सोनेरी तेल उन्हात इतके देखणे दिसे की बाटली तिथून हलवावी असे कुणालाच वाटले नाही. ती सात महिने चालली आणि तळाशी थोडे तेल अजून उरले आहे. शेवटी शेवटी तेलाला मेणाच्या खडूसारखा, किंवा डब्याच्या तळाशी राहून गेलेल्या जुन्या अक्रोडासारखा वास येत होता. चव मात्र अगदी सौम्य होती आणि घशाला काही जाणवत नव्हते.

दुसरी बाटली गेल्या आठवड्यात आणली. ती गडद हिरव्या काचेची, अर्ध्या लिटरची, ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ असून लेबलावर आम्लता ०.३ टक्के आणि पॉलिफेनॉल ४२० मिलिग्रॅम प्रतिकिलो असे छापलेले आहे. काकडीच्या कोशिंबिरीवर चमचाभर घातले, तर सासूबाईंना पहिल्याच घासाला ठसका लागला. मी नुसते तेल चाखून पाहिले. जिभेवर ते कडवट लागते आणि गिळल्यावर घशात मिऱ्याचा दाणा अडकल्यासारखे झोंबते. बाटली घेऊन दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने सांगितले की आम्लता वाढली की तेल असेच झोंबते, आणि त्याऐवजी ‘लाइट’ लिहिलेली सौम्य बाटली देऊ केली. मला ते पटले नाही, म्हणून बाटली तशीच परत आणली.

जाणकारांनी कृपया सांगावे की ह्या दोहोंपैकी बिघडलेले तेल कोणते, लेबलावरच्या ४२० ह्या आकड्याला काही अर्थ आहे का, आणि फोडणीत हे तेल वापरल्यास त्यातले अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारा बिघाड रोखणारे घटक, शिल्लक राहतात का?

उत्तर १: तैलतंत्री

आपण बाटली बदलून घेतली नाहीत हे उत्तम केलेत. बिघडलेले तेल पहिल्या बाटलीतले. मी माटुंग्याला तेल-तंत्रज्ञान शिकलो आणि नंतर बरीच वर्षे खाद्यतेलाच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी दुकानदाराच्या आम्लतेविषयी, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. लेबलावरची आम्लता म्हणजे लिंबाचा आंबटपणा नव्हे. तेलाचा ९८ ते ९९ टक्के भाग ट्रायग्लिसराइडांचा असतो, म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. फळ ठेचले, सडले किंवा तोडणीनंतर ढिगात पडून राहिले, की फळातलीच विकरे (एन्झाइम) ह्या साखळ्या सोडवतात आणि मोकळी मेदाम्ले तेलात उतरतात. ह्या मोकळ्या मेदाम्लांचे ओलेइक आम्लाच्या हिशेबात मोजलेले प्रमाण म्हणजे आम्लता. एक्स्ट्रा व्हर्जिन ह्या सर्वांत वरच्या प्रतीसाठी तिची कमाल मर्यादा ०.८ टक्के आहे, साध्या व्हर्जिनसाठी २ टक्के. हा आकडा जिभेला कळत नाही आणि घशाला तर मुळीच नाही. फळ किती ताजे होते आणि किती काळजीपूर्वक हाताळले गेले, एवढेच तो सांगतो. आपल्या बाटलीचा ०.३ हा आकडा चांगल्या फळाचा आहे.

मग झोंबते काय? तेलाचा उरलेला एक-दोन टक्के भाग, आणि खरी गंमत त्यातच आहे. त्यात स्क्वालीन, स्टेरॉल, अल्फा-टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व, रंग देणारी क्लोरोफिल व कॅरोटिनॉइडे आणि फिनॉल गटातली संयुगे (लेबलावर ज्यांना पॉलिफेनॉल म्हटले आहे ती) असतात. हिरव्या ऑलिव्ह फळात ओल्युरोपीन नावाचे अत्यंत कडू संयुग भरपूर असते. झाडावरून तोडलेले कच्चे ऑलिव्ह तोंडात धरवत नाही ते ह्यामुळेच. फळाचा लगदा करताना विकरे ओल्युरोपीनमधली साखर तोडतात आणि त्यापासून तेलात विरघळणारी लहान संयुगे तयार होतात. ओल्युरोपीन व त्याच्या जवळच्या लिगस्ट्रोसाइडपासून अनुक्रमे ओलिएसिन आणि ओलिओकँथल बनते. पुढे त्यांचे विघटन होऊन हायड्रॉक्सिटायरोसॉल आणि टायरोसॉल मिळतात. कडवटपणा ह्या कुटुंबाचा, आणि घशातला ठसका मुख्यतः ओलिओकँथलचा.

ओलिओकँथलची कथा सांगण्याजोगी आहे. चव आणि वास यांचा अभ्यास करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतले गॅरी बोशाँ १९९९ साली सिसिलीत ताजे तेल चाखत असताना त्यांना घशातली ती झोंब ओळखीची वाटली, कारण आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक द्रवरूपात चाखताना घशाला अगदी तशीच जळजळ होते हे त्यांना आपल्या कामामुळे ठाऊक होते. त्या धाग्यावरून त्यांच्या गटाने पुढे दाखवले की ओलिओकँथल आयब्युप्रोफेनप्रमाणेच दाह निर्माण करणाऱ्या कॉक्स विकरांना रोखते. तो शोधनिबंध २००५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र ५० ग्रॅम तेलातले ओलिओकँथल आयब्युप्रोफेनच्या प्रौढ मात्रेच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकेच ठरते, असा हिशेबही त्यांनीच दिला होता, तेव्हा कोणी डोकेदुखीवर तेल पिऊ नये. ही झोंब मिरचीसारखी सगळ्या तोंडात का जाणवत नाही, ह्याचेही उत्तर मिळालेले आहे: ज्या ग्राहीवर (संवेदना टिपणाऱ्या रेणूवर) हे संयुग काम करते, तो घशाच्या मागच्या भागात एकवटलेला असतो. तेल चाखणारे परीक्षक कडवटपणा आणि झोंब हे दोन्ही गुण म्हणूनच नोंदतात. सासूबाईंचा ठसका हा तेलाला मिळालेला शेराच समजा.

आता पहिल्या बाटलीचे काय झाले ते पाहू. तेल खवट होते ते दोन वेगळ्या वाटांनी, आणि आपल्या खिडकीने दोन्ही वाटा मोकळ्या करून दिल्या.

पहिली वाट अंधारातही चालू असते. मेदाम्लाच्या साखळीत जिथे दुहेरी बंध असतो, त्याच्या शेजारचा हायड्रोजन सैल असतो. तो निसटला की तिथे मुक्त मूलक, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला अस्थिर रेणू, उरते, ते हवेतला ऑक्सिजन पकडते आणि शेजारच्या रेणूचा हायड्रोजन हिसकावते. असे एकातून दुसरे पेटत जाते. ऑलिव्ह तेलात एक दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल ५५ ते ८३ टक्के असते आणि दोन दुहेरी बंधांचे लिनोलेइक साधारण ३ ते २१ टक्के. लिनोलेइक हे ओलेइकपेक्षा दहापटीहून अधिक वेगाने ऑक्सिजन पकडते, म्हणून ऑलिव्ह तेल मुळातच टिकाऊ. त्यावर फिनॉलांचे संरक्षण: हायड्रॉक्सिटायरोसॉलच्या वलयावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते आपला हायड्रोजन मूलकाला सहज देऊन साखळी तोडतात. पण देणारा रेणू त्यात खर्ची पडतो. बाटली उघडल्यापासून हा खर्च सुरू असतो, आणि जमा बाजूला नवे काही येत नाही.

दुसरी वाट उजेडाची, आणि ती अधिक घातक. तेलाला तो देखणा हिरवा रंग देणारे क्लोरोफिल प्रकाश शोषून घेते आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देते. असा चेतवलेला ऑक्सिजन थेट दुहेरी बंधावर चढतो. त्याला सैल हायड्रोजनाची वाट पाहावी लागत नाही. ह्या मार्गाने ओलेइक आणि लिनोलेइक यांच्या वेगांत फारसा फरकच राहत नाही, म्हणजे ऑलिव्ह तेलाचा जो मोठा नैसर्गिक फायदा, तोच उन्हात जवळजवळ नाहीसा होतो. फिनॉलेही इथे तितकी कामाला येत नाहीत. थोडाफार आवर घालतात ती कॅरोटिनॉइडे आणि टोकोफेरॉल. तेच क्लोरोफिल अंधारात निरुपद्रवी असते. गडद काच त्यासाठीच असते.

दोन्ही वाटांवर आधी जी हायड्रोपेरॉक्साइडे बनतात त्यांना वास नसतो. ती फुटून हेक्झॅनल, नोनॅनल अशी अल्डिहाइडे निघाली, की आपण म्हणता तो खडूचा वास येतो. प्रयोगशाळेत पेरॉक्साइड अंक मोजतात आणि एक्स्ट्रा व्हर्जिनसाठी त्याची मर्यादा २० आहे. परंतु फार जुन्या तेलात हायड्रोपेरॉक्साइडे फुटून गेल्यामुळे हाच अंक पुन्हा उतरलेला दिसतो. म्हणून तो एकटा पाहून भागत नाही, नाकही वापरावे लागते.

राहिले ‘लाइट’. त्यात उष्मांक कमी नसतात. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ किलोकॅलरी असतात. ते बहुतांशी शुद्धीकरण केलेले, म्हणजे रिफाइंड तेल असते. अल्कलीने आम्लता काढणे, मातीने रंग काढणे, निर्वातात वाफेने वास काढणे, ह्या पायऱ्यांत फिनॉले जवळजवळ सगळी निघून जातात. मेदाम्ले तीच राहतात, ओलेइकचा फायदाही राहतो. फक्त आपण ज्याचे जास्तीचे पैसे मोजता ते राहत नाही.

उत्तर २: दाण्याचे_तेल

वरील उत्तर शास्त्रीयदृष्ट्या उत्तम आहे, तरीही एक आक्षेप नोंदवतो. मी लालबागला राहतो आणि आमच्याकडे तीन पिढ्या घाण्याचे तेल वापरले जाते. ऑलिव्ह तेलाची जी मेदाम्ले वाखाणली जातात, ती आपल्याकडे नाहीत असे थोडेच आहे? साध्या भुईमुगाच्या तेलात ओलेइक ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असते. २०२० साली हैदराबादची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था इक्रिसॅट आणि जुनागढचे भुईमूग संशोधन संचालनालय यांच्या सहकार्यातून गिरनार ४ आणि गिरनार ५ हे वाण आले. त्यांच्या तेलात ओलेइक ८० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे मेदाम्लांच्या हिशेबात ते थेट ऑलिव्हच्या पंक्तीला बसते.

अँटिऑक्सिडंटांचेही तसेच. तिळाच्या तेलात लिनोलेइक ४० टक्क्यांच्या घरात असूनही ते लवकर खवट होत नाही, कारण त्यात सेसमिन आणि सेसमोलिन असते आणि तीळ भाजल्यावर सेसमोलिनपासून सेसमॉल हे उत्तम अँटिऑक्सिडंट तयार होते. भाताच्या कोंड्याच्या तेलात ओरायझनॉल असते. माझी आजी लोणच्यावर तिळाचेच तेल घाली. तिला ह्यातले एकही नाव ठाऊक नव्हते, पण कोणते तेल बरणीत वर्षभर टिकते हे पक्के ठाऊक होते.

करडईची गोष्ट मात्र उलटी. हृदयाला चांगले म्हणून आपल्याकडे करडईचे तेल आग्रहाने घेतले जाते, पण त्यात लिनोलेइक ७५ टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा ते उन्हात ठेवणे किंवा त्यात पुन्हा पुन्हा तळणे म्हणजे आपणच खवटपणाला पाट-रांगोळी करून बोलावणे. एका लिटर एक्स्ट्रा व्हर्जिनच्या किमतीत घाण्याचे चांगले तेल किती येते, ह्याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या वाण्याकडे करावा.

उत्तर ३: तैलतंत्री

दाण्याचे_तेल यांचा मेदाम्लांविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. एक फरक मात्र लक्षात घ्यावा. बहुतेक तेले बियांची असतात, ऑलिव्हचे तेल फळाच्या गराचे. गर दळून, मळून, यंत्रात फिरवून पाणी व चोथा वेगळा केला की तेल तसेच खाता येते. ‘कोल्ड एक्स्ट्रॅक्शन’ लिहायचे असेल तर हे सगळे २७ अंश सेल्सिअसच्या आत व्हावे लागते. गराची फिनॉले म्हणूनच तेलात येऊ शकतात. तरीही ती स्वभावाने पाण्याकडे ओढ घेणारी आहेत, त्यामुळे फळातल्या फिनॉलांचा फारच थोडा हिस्सा तेलात उतरतो आणि बाकीचा गिरणीच्या सांडपाण्यात जातो. ह्या अर्थाने आपल्या घाण्याच्या खोबरेल-तिळाच्या तेलाशी त्याचे नाते रिफाइंड तेलांपेक्षा जवळचे आहे.

फोडणीचा प्रश्न राहिला होता. चांगल्या एक्स्ट्रा व्हर्जिनला धूर येतो तो साधारण १९० ते २१० अंशांना, आणि तळण चालते १७० ते १८० अंशांना. म्हणजे हे तेल तापवताच विषारी होते ही भीती निराधार आहे. कमी लिनोलेइकमुळे ते तापण्याला बरेच टिकते. परंतु त्या उष्णतेत हायड्रॉक्सिटायरोसॉल आणि त्याची भावंडे झपाट्याने खर्ची पडतात, कारण तेलाला सांभाळणे हेच त्यांचे काम आहे आणि कढईत ते काम कैक पटींनी वाढते. मोहरी तडतडून, हिंग-हळद घालून पुरती फोडणी झाली की ताज्या फळाचा वासही उरत नाही. आपल्या ४२० मिलिग्रॅमच्या बाटलीची फोडणी करणे म्हणजे हापूसचा रस काढून त्याची बर्फी करण्यासारखे आहे. बर्फी वाईट होत नाही, पण त्यासाठी हापूस कशाला?

उत्तर ४: आहारविचार

मी आहारतज्ज्ञ असून माझ्याकडे दादर-माहीम भागातून येणारे बरेच रुग्ण लेबलावरच्या पॉलिफेनॉलांच्या ह्याच आकड्याविषयी विचारतात, म्हणून त्याचा अर्थ सांगते.

युरोपीय संघाने २०१२ साली अन्नावरील आरोग्यविषयक दाव्यांची जी यादी मंजूर केली, तिच्यात ऑलिव्ह तेलातील पॉलिफेनॉलांचा समावेश आहे. ‘रक्तातील स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण होण्यास मदत होते’ एवढेच विधान करता येते, आणि तेही २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सिटायरोसॉल व त्याची संयुगे मिळून किमान ५ मिलिग्रॅम असतील तरच. म्हणजे किलोला २५० मिलिग्रॅम. आपल्या बाटलीवरचे ४२० ही एकूण पॉलिफेनॉलांची बेरीज असू शकते आणि ती मोजण्याची पद्धत लेबलावर क्वचितच लिहिलेली असते, पण आकडा उत्साहवर्धक आहे.

ह्यामागे असलेल्या अभ्यासांपैकी २००६ साली प्रसिद्ध झालेला युरोलिव्ह हा मला सर्वांत स्वच्छ वाटतो. दोनशे निरोगी पुरुषांना रोज २५ मिलिलिटर ऑलिव्ह तेल दिले गेले, प्रत्येकाला आळीपाळीने तीन प्रकारचे आणि प्रत्येक प्रकार तीन आठवडे. तिन्ही तेलांची मेदाम्ले सारखी होती. फिनॉले मात्र किलोला २.७, १६४ आणि ३६६ मिलिग्रॅम. फिनॉले वाढत गेली तसे ऑक्सिडीकृत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) कमी होत गेले आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) किंचित वाढले. फरक लहान होते, परंतु पायरीपायरीने होते. त्यामुळे त्याचे श्रेय केवळ ओलेइक आम्लाला देता येत नाही.

आता सावधगिरी. बाटलीत अँटिऑक्सिडंट असणे आणि शरीरात त्याने तसेच काम करणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. परीक्षानळीत डीपीपीएच ह्या मुक्त मूलकाच्या जांभळ्या द्रावणाचा रंग उडतो, तो पाहून तेल प्रबळ आहे असे म्हणता येते; परंतु हायड्रॉक्सिटायरोसॉल आतड्यातून शोषले जाताच आतडे आणि यकृत त्याला सल्फेट व ग्लुक्युरोनाइड जोडून रूप बदलतात आणि रक्तात मूळ रेणू अत्यल्प उरतो. अमेरिकेच्या कृषी विभागाने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली प्रसिद्ध तक्ता-यादी २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली, तीही परीक्षानळीतल्या आकड्यांवरून आरोग्याचे निष्कर्ष काढले जात होते म्हणूनच.

आणि मात्रेचा हिशेब घरच्या चमच्याने करावा. चहाच्या चमच्यात साडेचार ग्रॅम तेल मावते, म्हणजे आपल्या बाटलीतून दोन मिलिग्रॅमहून थोडी कमी पॉलिफेनॉले. वीस ग्रॅमसाठी असे साडेचार चमचे लागतील आणि त्याच्या १८० किलोकॅलरी होतील. त्या नेहमीच्या तेलाच्या जागी आल्या तर ठीक. वरून ओतल्या तर वजन वाढेल. यजमानांची औषधे चालू असतील, तर तेल बदलल्यामुळे त्यांतले काहीही कमी-जास्त करू नये.

पुन्हा प्रश्नकर्ती: खिडकीतली_बाटली

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री दोन स्टीलच्या वाट्यांत दोन्ही तेले घेतली, वाट्या तळहातावर धरून जरा कोमट केल्या आणि वर दुसरा हात झाकून थोड्या वेळाने वास घेतला. नव्या तेलाला कापलेल्या हिरव्या टोमॅटोचा आणि गवताचा वास आला. जुन्याला तो खडूचा. मग घरातल्या चौघांना न सांगता चाखायला दिले, तर चौघांनीही जुनेच चांगले म्हणून निवडले! सवयीपुढे रसायनशास्त्राचे काही चालले नाही. सासूबाईंनी मात्र नंतर तेच झोंबणारे तेल लसणीच्या कोरड्या चटणीत कालवून भाकरीबरोबर खाल्ले, आणि तिखटाच्या आड ते कडवटपण त्यांना आवडले.

एक शेवटची शंका. भीतीने मी नवी बाटली फ्रिजमध्ये ठेवली, तर सकाळी तेलात पांढरट कण जमले होते. ही भेसळ तर नव्हे ना?

उत्तर ५: तैलतंत्री

भेसळ नव्हे, आणि कण जमले म्हणून तेल अस्सल, असाही निष्कर्ष काढू नये. पामिटिकसारखी संपृक्त मेदाम्ले असलेली ट्रायग्लिसराइडे आणि फळाच्या सालीवरचे थोडे मेण थंडीत गोठते. कोणत्या जातीच्या ऑलिव्हमध्ये ते किती, ह्यावर दिसणे अवलंबून असते. बाहेर ठेवल्यावर तेल पूर्ववत होईल. भेसळ ओळखायची तर प्रयोगशाळेत स्टेरॉलांचे प्रमाण आणि अतिनील प्रकाशाचे शोषण तपासावे लागते. फ्रिज त्या कामाचा नाही.

मुंबईच्या दमट हवेत बाटली रोज फ्रिजमधून आत-बाहेर केली तर झाकणाच्या आत दव धरते, म्हणून मी ते टाळतो. गॅसपासून दूर, ओट्याखालच्या बंद कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवावी आणि दोन महिन्यांत संपवावी. पुढच्या वेळी पाव लिटरची घ्या आणि ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ ह्यापेक्षा तोडणीचा महिना छापलेला आहे का ते शोधा. स्पेन, इटली, ग्रीसची तोडणी साधारण ऑक्टोबर ते जानेवारी चालते, ऑस्ट्रेलिया आणि चिलीची एप्रिल ते जूनच्या सुमारास. दुकानात काचेच्या दर्शनी फडताळात, ट्यूबलाइटखाली उभी असलेली पुढची बाटली घेऊ नका. मागच्या रांगेतली मागून घ्या.

पहिल्या बाटलीत काही उरले असेल तर ते खाऊ नये. आमच्याकडे असे तेल दाराच्या करकरणाऱ्या बिजागऱ्यांना जाते.